अहवालातलं जास्तीचं पान

यवतमाळला परत आल्यावर शेजारणीने, शाळेतल्या बायांनी आणि नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, कोल्हापूरहून काय आणलं? चप्पल आणली नाही, गूळ आणला नाही, साज तर स्वप्नातही आणला नसता. आणलं ते एक प्रमाणपत्र. त्याच्या बदल्यात एक कागद तिथे ठेवून आले, आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. तो कागद तिथे कसा राहिला ते सांगते. माझ्यासारख्या ज्या कुणाला असल्या कार्यशाळेला जावं लागणार आहे, त्यांना ते आधी कळलेलं बरं.

मी शाळेत शिकवते आणि गेली पाच वर्षं पीएच.डी. करते. विषय आमच्या भागातल्या महिला दूध संस्था, त्या निघतात कशा आणि बसतात कशा. नोंदणीची मुदत संपत आली होती. एक वर्ष वाढवून हवं असेल तर संशोधन कौशल्यांच्या सात दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र जोडा, असं पत्र आलं. प्रमाणपत्र नाही तर मुदतवाढ नाही, आणि मुदतवाढ नाही तर पाच वर्षं पाण्यात. जवळपासच्या सगळ्या कार्यशाळा होऊन गेल्या होत्या. कोल्हापुरातल्या एका कॉलेजची तेवढी शिल्लक होती. महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं होतं. गेले. प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही, पाठ तेवढी धरली.

सोमवार, जेवणाआधी चव

स्टँडवर उतरल्या उतरल्या रिक्षावाल्याने हाक मारली, "कुठं जायचं पावणं?" आमच्याकडे पाहुणा म्हणजे घरी येऊन दोन दिवस राहणारा माणूस. इथे रस्त्यावर चालणारा प्रत्येक जण पावणा. आवाज असा की वाटावं भांडायला आलाय, पण त्याने सरळ विचारलं की नाश्ता झाला का, आणि कॉलेजच्या आधी मिसळीच्या दुकानासमोर रिक्षा थांबवली. आमची तर्री पोह्यांवर घालतात, घेणाऱ्याला विचारून. इथे कट वेगळ्या भांड्यात घेऊन पोऱ्या फिरत होता आणि न विचारता ओतत होता, सोबत पावाऐवजी ब्रेडच्या जाड स्लाइस. तिखटाच्या बाबतीत वऱ्हाडी माणसाने हार मानायची नसते. मी मानली नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं ते रिक्षावाल्याने पाहिलं.

कॉलेजच्या दारात नावनोंदणीचं टेबल होतं. निळी पिशवी, पेन, वही, गळ्यात अडकवायचं नाव, आणि सगळ्यात वर एक छापील कागद. त्यावर लिहिलं होतं, सातही दिवसांच्या सत्रांबद्दल आपला अभिप्राय. प्रत्येक सत्रापुढे तीन चौकोन, उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक. वाईट असा चौकोनच नव्हता. खाली सहीची जागा.

कार्यशाळेचे समन्वयक माने सर टेबलाशी उभे होते. तरुण, घाईत, खिशाला तीन पेनं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना गाडीची घाई असते, तेव्हा आत्ताच भरून द्या, अहवालाला लागतंय, असं ते प्रत्येकाला सांगत होते. लोक भिंतीला कागद लावून भराभरा उत्कृष्टवर खुणा करत होते. जे सत्र शनिवारी व्हायचं होतं, तेसुद्धा सोमवारी सकाळीच उत्कृष्ट झालं.

"सर, मी शेवटच्या दिवशी देते," मी म्हटलं. "जेवायच्या आधी चव कशी सांगू?"

मी गंमत करते असं वाटून ते हसले. मी कागद घडी करून पिशवीत टाकला तेव्हा त्यांचं हसू मावळलं. चाळीस जणांतल्या एकोणचाळीस जणांनी कागद दिले. माझ्या खोलीतली जोडीदारीण रेश्मा मुजावर, तिनेही दिला. ती कोल्हापूरचीच, मंगळवार पेठेतली, याच कॉलेजात प्रबंध देणारी, पण नियमाप्रमाणे वसतिगृहात राहत होती. रात्री तिने मला सरळ विचारलं, एका खुणेने तुमचं काय जाणार होतं? काहून करू, कशाला करू, मी म्हटलं, आणि ती माझ्या वऱ्हाडी काहूनवर इतकी हसली की उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

उद्घाटनात समई पंख्याच्या वाऱ्याने चारदा विझली. शाली, नारळ आणि भाषणं यात दुपार गेली आणि दीड तासाचं पहिलं सत्र वीस मिनिटांत उरकलं. वक्ते पडद्यावरचं वाचून दाखवत होते. शेवटच्या पानावर दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहिलं होतं, तेही त्यांनी वाचलं.

मंगळवारी सांख्यिकीचं प्रशिक्षण. चाळीस माणसं आणि तीन संगणक. मला पुढच्या रांगेतल्या एका मुलीची वेणी फार चांगली दिसली. तरी शेवटी हात वर केला, कारण माझा प्रश्न खरा होता. मी दोनशे बायकांना विचारलं होतं की घरात निर्णय कोण घेतं, आणि जवळपास सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, आम्ही दोघं मिळून. हे मला खटकत होतं. वर्षभर मी ते मार्गदर्शकांना विचारत होते. तज्ज्ञ म्हणाले, मग तर छानच, तुमचा निष्कर्ष अगदी स्पष्ट आहे. आणि टाळ्या झाल्या.

बुधवारी, मंगळवार पेठेत

बुधवारी संध्याकाळी रेश्मा मला बाहेर घेऊन गेली. तुम्ही दुधावर प्रबंध लिहिता आणि आमचा दूध कट्टा बघितला नाही म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. गंगावेशीत रस्त्याच्या कडेला म्हशी ओळीने उभ्या होत्या, शिंगं तेल लावून चकचकीत. गवळी समोरच धार काढत होता आणि फेसाळलेला पेला हातात देत होता. पैलवान, बँकेतले साहेब, हातगाडीवाले, सगळे उभ्याने पीत होते. आमच्याकडे दूध चहापुरतं. संस्था निघते, फोटो निघतो, दोन पावसाळ्यांत कुलूप लागतं. इथे म्हैस बाजारात माणसासारखी मानाने उभी होती. मला हेवा वाटला आणि तो मी तिथेच बोलून दाखवला. गवळी म्हणाला, पावणं, आणखी एक घ्या, हेवा जाईल.

तिथून तिच्या घरी गेलो. खाली दुकान, वर घर. तिचे वडील पुस्तकं बांधतात, म्हणजे आता मुख्यतः प्रबंध. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. शहरातल्या कॉलेजांची अर्धीअधिक विद्वत्ता त्यांच्या हाताखालून गेली आहे. मी त्यांना चाचा म्हणू लागले. अंगात बनियन, बोटांना खळ, आणि बांधायला आलेलं प्रत्येक पान वाचायची खोड. मला वाटलं, इतक्या प्रबंधांतून काही शिकायला मिळेल, म्हणून विचारलं की संशोधन करणारे कुठे चुकतात.

चाचा सुरी पुसत म्हणाले, "चूक माझी सांगतो. एकाच्या प्रबंधात तिसरं प्रकरण दोनदा बांधलं गेलं. पाचही प्रतींत. ध्येनात आलं तवा प्रती गेलत्या. म्हटलं, आता येतील शिव्या द्यायला. सहा म्हैने वाट बघितली. कोण आलं न्हाय. आले ते पेढे. पदवी मिळाली म्हणून."

रेश्माने डोक्याला हात लावला. तिने ही गोष्ट आधी ऐकली असावी. मी हसले, आणि मग हसू येईनासं झालं. मार्गदर्शकांनी नाही वाचलं, परीक्षकांनी नाही वाचलं, आणि ज्याने लिहिलं त्यानेही उघडून पाहिलं नाही. माझं तिसरं प्रकरणही माझ्या मार्गदर्शकांकडे आठ महिने पडून होतं. वर जाऊन तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा जेवले. पांढरा गरीब दिसतो म्हणून वाटीभर प्यायले. तो गरीब नाही.

गुरुवार, मुरगूडच्या अलीकडे

गुरुवारी क्षेत्रभेट. बसमध्ये प्रश्नावल्या वाटल्या. प्रत्येकाने दहा बायकांकडून भरून आणायच्या, वेळ दोन तास. बिद्रीजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता आणि साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास बसमध्ये शिरला. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले, मी लावला नाही. चालू कारखान्याचा वास मला आवडला. आमच्याकडे बंद पडलेल्या गिरण्यांना वासही नसतो.

मुरगूडच्या अलीकडच्या एका गावात उतरलो. अर्ध्या तासात काही मंडळी पारावर बसून प्रश्नावल्या स्वतःच भरू लागली. साताऱ्याकडच्या एका मुलाने दहाच्या दहा बायका पारावर बसल्या बसल्या जन्माला घातल्या, वय आणि शिक्षणासकट. मी एका घरासमोर थांबले, कारण दारात चार म्हशी होत्या. घर हौसाक्कांचं. साठीच्या, नऊवारीचा काष्टा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. गावातल्या महिला दूध संस्थेच्या त्या चेअरमन आहेत, असं त्यांच्या मालकांनी सांगितलं. मालक उंबऱ्यावर बसले होते. बोलके आणि अगत्याचे. संस्थेची सगळी माहिती तेच देऊ लागले.

मी पहिला प्रश्न विचारला. हौसाक्कांनी हात वर करून मला थांबवलं.

"मागल्या साली बी तुमच्यागत पोरं आलती. कागद भरून घेऊन गेलती. त्येचं काय झालं ते आधी सांगा, मग म्होरचा इचारा."

त्या कागदांचं काय झालं ते मला माहीत नव्हतं, आणि माझ्या दोनशे कागदांचं काय झालं ते तर चांगलंच माहीत होतं. कपाटात होते. मी तसं सांगितलं. ते ऐकून त्या जरा सरकल्या आणि बसायला पोतं टाकलं. मी पुढे गेले. घरात निर्णय कोण घेतं? दोघं मिळून, त्या म्हणाल्या. अगदी माझ्या दोनशे बायकांसारखं, त्याच आवाजात. मी लिहून घेतलं. मालक पाणी आणायला उठले तेवढ्यात त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मालक उंबऱ्यावर बसल्यात. म्या दुसरं काय सांगणार? खरं ऐकायचं आसंल तर पहाटं धार काढताना ये. तवा म्हशीबिगर कोण नसतंय."

मी पेन खाली ठेवलं. माझ्या दोनशे मुलाखती कशा झाल्या होत्या ते मला स्पष्ट आठवलं. दुपारची वेळ, मी खुर्चीवर, बाई जमिनीवर, आणि उंबऱ्यावर, बाजेवर, नाहीतर दाराआड कुणीतरी पुरुष. दरवेळी. पाच वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मार्गदर्शकांनी नाही, तज्ज्ञांनी नाही, त्या तीन संगणकांनी तर नाहीच. चष्म्याला दोरा बांधलेल्या एका बाईने पाण्याचा तांब्या येईपर्यंतच्या वेळात सांगितलं. मला रडू आलं नाही, संताप आला. आधी माझाच.

बस सुटायची वेळ झाली तेव्हा मी माने सरांना सांगितलं की मी आज इथेच राहते. शुक्रवारी सकाळी हजेरी आहे, ते म्हणाले. असू द्या, मी म्हटलं. जबाबदारी कोण घेणार, असं विचारून त्यांनी वहीचं पान फाडून पुढे केलं. मी लिहून दिलं की स्वतःच्या जबाबदारीवर राहत आहे, आणि खाली ठसठशीत सही केली. माझ्याकडे अर्धी भरलेली एक प्रश्नावली होती. साताऱ्याकडच्या मुलाकडे दहा होत्या.

रात्री भाकरी, खर्डा आणि घट्ट दही. मालकांनी तासभर संस्थेचा कारभार समजावून सांगितला. चेअरमन वाढत होत्या.

शुक्रवार, पहाटे गोठ्यात

पाच वाजता त्यांनी मला हलवून उठवलं. गोठ्यात दिवा लावला आणि माझ्या हातात रेडकाचं दावं दिलं. मी वही बगलेत धरली होती. रेडकाने हिसका दिला, वही शेणात गेली आणि मी तिच्या शेजारी बसले. हौसाक्का हसल्या नाहीत. दावं सोडू नको, एवढंच म्हणाल्या. त्यामुळे लिहायची सोयच उरली नाही. ऐकावं लागलं.

धारेच्या आवाजात त्या बोलत गेल्या, माझ्याकडे न बघता. चार म्हशींचं सगळं त्याच करतात. मागच्या दिवाळीनंतर एक म्हैस विकली, ते त्यांना विहिरीवर शेजारणीकडून कळलं. संस्था बायकांची हवी म्हणून बायकांची केली, चेअरमन हवी म्हणून त्यांना केलं. मीटिंगला मालक जातात. दोन वर्षांत त्यांनी ती खुर्ची पाहिली नव्हती. मी विचारलं, मग कागदांवर सह्या?

"मला सही येती की. सातवीपतूर शाळा शिकलेय. पर कागद माझ्यापतूर येतच न्हाय. कोनतरी करतंय माझी सही." त्यांनी चरवी बाजूला ठेवली आणि दुसऱ्या म्हशीखाली बसल्या. "मागल्या म्हैन्यात गेलते हापिसात. सेक्रेटरीला म्हटलं, रजिष्टर दे. माझ्या नावाची खोटी सही व्हती, तिच्या खाली माझी केली. आता दोन हायत. बघू दे कुणाला बघायचं ते."

मग काय झालं, मी विचारलं. काय हुतंय, त्या म्हणाल्या, मालक दोन दिवस बोलले न्हाईत, तिसऱ्या दिवशी म्हशीला पेंड कुठली घालायची ते विचारायला आले. त्या पहिल्यांदा हसल्या ते तेव्हा. निघताना मी त्यांना शब्द दिला की लिहीन ते आधी त्यांना वाचून दाखवीन. लिहिलंस तर आण, त्या म्हणाल्या. पुष्कळ जण शब्द देऊन जातात.

मुरगूडहून एसटीने परत आले तेव्हा दुपार झाली होती. शोधनिबंध लेखनाचं सत्र संपलं होतं. हजेरीत माझ्या नावापुढे लाल शाईने गैरहजर लिहिलं होतं. सात दिवसांत मी जे एकमेव संशोधन शिकले, त्याच्यापुढे.

शनिवार आणि रविवार

शनिवारी माने सरांनी मला बाजूला घेतलं. एक दिवस गैरहजर आणि अभिप्राय नाही, अशाने प्रमाणपत्र देता येणार नाही. ते ओरडले नाहीत, विनवत होते. मीही तासिका तत्त्वावर आहे ताई, ते म्हणाले, अहवाल वेळेत गेला नाही तर पुढच्या वर्षी मला कोण उभं करणार? मला त्यांची दया आली आणि ती आल्याचा रागही आला. वर बसलेला कोणी कधीच समोर येत नाही. खाली दोन अडलेली माणसं एकमेकांना अडवतात.

मार्गदर्शकांना फोन केला. टिक कर आणि ये, ते म्हणाले, टिक केल्याने कोणी मरत नाही. आणि दोनशे मुलाखती पुन्हा करणार असल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी फोन कानापासून दूर धरला असावा, कारण बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आला.

आता मला ते प्रमाणपत्र आधीपेक्षा जास्त हवं होतं. आधी नुसता प्रबंध बांधायला वर्ष लागणार होतं, आता दोनशे गोठ्यांसाठी लागणार होतं. खोटं नाही सांगत, संध्याकाळी मी तो घडी केलेला कागद काढला आणि पेनचं टोपण उघडलं. एक खूण, फक्त एक खूण. मग दारात आलेला तांब्या आठवला, आणि मालक उंबऱ्यावर असतानाचा तो आवाज. दोघं मिळून. मी चौकोन तसेच ठेवले आणि कागदाच्या पाठीवर लिहायला लागले. पाठ संपली तेव्हा समासात लिहिलं.

लिहिलं ते असं. चाळीस जणांना तीन संगणक म्हणजे प्रशिक्षण नाही, दर्शन आहे. आम्हाला शाल, नारळ, पिशवी नको. एक माणूस हवा जो आमचं एक प्रकरण पूर्ण वाचेल आणि कुठे चुकलं ते सांगेल. मार्गदर्शक आठ महिने उत्तर देत नसेल तर कोणाकडे जायचं ते सांगणारं एक दार हवं. नोकरी करून शिकणाऱ्यांना रविवारी उघडं असलेलं ग्रंथालय हवं. मुलाखत कशी घ्यायची हे शिकवायचं असेल तर बोलवा त्या बायकांना ज्यांची आम्ही मुलाखत घेतो, आणि त्यांना वक्त्यांच्या खुर्चीवर बसवा. क्षेत्रभेटीपुढे मी उत्कृष्ट असं लिहिलं, आणि पुढे हेही की त्यासाठी मला गैरहजर धरलं आहे. खाली सही.

रविवारी समारोप झाला. मी कागद हातात घेऊन तयारीत बसले होते, नाव पुकारलं जाणार नाही असं धरून. तर नाव पुकारलं गेलं. माने सरांनीच हसत प्रमाणपत्र दिलं. मी गोंधळून कागद पुढे केला.

"राहू दे आता," ते हळूच म्हणाले. "तुमचा अभिप्राय आणि शुक्रवारची हजेरी आम्ही भरून टाकली. कशाला ताणता. अहवाल कालच बांधायला गेला."

मागच्या बाकावर बसून मी अहवालाची टेबलावर पडलेली झेरॉक्स चाळली. आजच्या समारोपाचा वृत्तांत त्यात कालच छापलेला होता, फोटोची जागा तेवढी मोकळी. शेवटी चाळीस अभिप्राय. पान सत्तेचाळीस माझं. सगळीकडे उत्कृष्ट. आणि खाली माझी सही, जवळजवळ हुबेहूब. गुरुवारी मी दिलेल्या चिठ्ठीवरून काढलेली. गोठ्यातलं वाक्य कानात आलं, कोनतरी करतंय माझी सही. साठ वर्षांची सातवी शिकलेली बाई आणि पीएच.डी. करणारी मी, आमच्यात फरक तो काय राहिला?

अहवाल कुठे बांधायला दिला, हे विचारण्याची गरज पडली नाही. रेश्मा माझ्याकडे बघत होती.

चाचांनी अजून शिवण घातली नव्हती. सुटी पानं दाबाखाली होती. मी त्यांना दोन्ही सह्या शेजारी ठेवून दाखवल्या आणि माझा कागद पुढे केला. त्यांनी तो आधी दोन्ही बाजूंनी वाचला, मग समासातलं वाचायला कागद फिरवत गेले. खोटं पान काढून टाकू का, त्यांनी विचारलं. नको, मी म्हटलं, ते राहू दे, हे त्याच्या मागे लावा. ते आता रेश्माकडे बघू लागले. तिची तोंडी परीक्षा त्याच कॉलेजात व्हायची होती, हे मला तेव्हा आठवलं आणि मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. रेश्माने माझा हात बाजूला सारला.

"अब्बा, लावा," ती म्हणाली. "म्या बी एक खूण केलती सोमवारी. तवापास्नं झोप न्हाय नीट."

चाचांनी सुईत दोरा ओवला. कोणी विचारलं तर, मी म्हटलं. "गिऱ्हाईकानं दिलं ते बांधलं," चाचा म्हणाले. "बांधणारा काय वाचत बसतोय व्हय?"

परत आल्यावर

मुदतवाढ मिळाली. समितीसमोर मी स्वतःच सांगितलं की तिसरं प्रकरण चुकीचं आहे आणि ते मी टाकून देत आहे. मार्गदर्शक माझ्याशी दोन आठवडे बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं की पहाटे गावात जायला गाडी कुठून मिळते. मी आठवड्यातून तीनदा शाळेआधी गोठ्यात असते. आमच्या म्हशी तिथल्यासारख्या धष्टपुष्ट नाहीत, पण रेडकं तितकीच वांड आहेत. आतापर्यंत एकाही बाईने दोघं मिळून असं सांगितलेलं नाही. हौसाक्कांना फोन केला होता. लिहून झालं का, एवढंच त्यांनी विचारलं.

मग एका दुपारी रेश्माचा फोन आला. माने सर स्वतः अहवाल न्यायला दुकानात आले होते. पानं चाळता चाळता थांबले आणि उभ्यानेच पुढचं मागचं सगळं वाचलं. अब्बा रेक्झिन कापत राहिले. सरांनी विचारलं, हे पान? गिऱ्हाईकाचं हाय, अब्बा म्हणाले. सरांनी अहवाल मिटला, जरा वेळ हातात तोलला, आणि म्हणाले, द्या पिशवीत घालून. तो तसाच वर गेला. वर कोणी उघडला नाही. मंजूर झाला, आणि काल दुकानात पेढे आले.

वरून परत आलेला तो अहवाल आता त्या कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, काळ्या रेक्झिनचा. कोल्हापूरला गेलात तर मिसळ खा, गंगावेशीत दूध प्या, आणि वेळ मिळाला तर तो मागून घ्या. सत्तेचाळिसाव्या पानावर माझी एक सही आहे आणि त्याच्यामागे लावलेल्या पानावर दुसरी. बघू दे कुणाला बघायचं ते.